तात्याबा आणि साधनाचे मूळ कागद

खुटबावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, कॉलेजचे फॉर्म, सगळं माझ्याकडं होतं. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात, पण तात्याबा कोळपे दारात दिसले की माझ्या कपाळाला आठी पडते. हा माणूस कागद देतो, पण सोडत नाही. काचेवर कागद ठेवला तरी त्यांचं बोट कोपऱ्यावर असतं. कितीतरी झेरॉक्सवर तात्याबांचा अंगठा छापून आलेला आहे. मग ते नक्कल घेऊन बाहेर उन्हात जातात, मूळ कागद तिच्या शेजारी धरतात आणि दोन्हीवरून सावकाश डोळे फिरवतात. वाचता फारसं येत नाही, चौथीत शाळा सुटली. पण आकार जुळतात का ते बघतात.

"आबा, मशीन काय अक्षरं खातंय व्हय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मशीन न्हाई खात, अनिताबाय," ते म्हणाले, "मशीनवाला खातो कवाकवा."

मला राग आला होता. अजूनही येतो. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि तात्याबांचं तोंड चांगलंच पोळलेलं होतं. तरुणपणी ते मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने कोकणाच्या वाटेवर असायचे. एकदा बाजारात एका व्यापाऱ्यानं त्यांना चाळीस मेंढरांचा कळप दाखवला. पुढं चाललेली मेंढरं अंगानं भरलेली, डोळे स्वच्छ. तात्याबांनी तीच बघितली आणि सौदा केला. महिन्याभरात मागची तेरा मेली. तेव्हापासून त्यांचा नियम झाला, की कळप घ्यायचा तर सकाळी धन्यानं पुढं काढलेली मेंढरं बघायची नाहीत. संध्याकाळी रानातून परत येताना सगळ्यांत मागं कोण राहतं ते बघायचं. आता तीन एकर ऊस आहे, मेंढरं सवय म्हणून ठेवलेली दहाबारा. पण नियम तोच, आणि तो माणसांनाही लावतात. त्यांची बायको तानुबाई सांगते, "लग्नाच्या आदी बघायला आलं तवा माझं दात बघत हुतं."

यंदा त्यांची नात साधना बारावी झाली. तिचा बाप जालिंदर दुधाच्या टेंपोवर असतो, दोन शब्दांच्या पुढं बोलत नाही. पोरगी मात्र हुशार, सीईटीला चांगले मार्क पडले. जुलैत पहिल्या राउंडची यादी लागली आणि तिला कराडकडच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलची सीट मिळाली. मुलींची शिकवणीची फी सरकार भरतं, म्हणजे खर्च होस्टेलचा आणि मेसचा. तिला हवं होतं कॉम्प्युटर. आणि त्याच आठवड्यात पुण्याजवळच्या एका खाजगी कॉलेजातून जालिंदरला दिवसातून तीनतीनदा फोन यायला लागले. कॉम्प्युटरची सीट देतो म्हणाले, मॅनेजमेंटमधून. वर्षाला दीड लाख फी, होस्टेल वेगळं. कर्जाची काळजी करू नका, बँकेचा माणूस आमच्याकडंच बसतो. मॅनेजमेंटच्या सीटला फीमाफी लागत नाही, हे फोनवरच्या मॅडम सांगत नव्हत्या. साधनाच्या दोन मैत्रिणी तिथंच निघाल्या होत्या, त्यामुळं पोरगी तिकडंच झुकलेली.

तात्याबांना दोन्ही पटेनात. "एकजण लई मागतोय, म्हंजी लुटतोय. दुसरा फुकाट देतोय. फुकाटचं मेंढरू खरजेलं नसंल, असं म्या अजून बघितलं न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं.

"आमचा नंबर त्या कॉलेजवाल्यांना कुणी दिला?"

"मला काय माहीत आबा," मी म्हणाले. "आजकाल नंबर कुठूनही जातात."

खोटं बोलले. नंबर मीच दिले होते. मे महिन्यात त्या कॉलेजचा एक माणूस दुकानात आला होता, शर्टाला पेन, तोंडात साखर. माझ्याकडं सीईटीचे फॉर्म भरलेल्या पोरापोरींची वही होती, त्रेचाळीस नावं आणि घरचे नंबर. त्यानं मोबाइलवर वहीच्या पानांचे फोटो काढले आणि चार दिवसांनी रंगीत प्रिंटर पाठवून दिला. मी मनाला सांगितलं, यात कुणाचं काय बिघडलं? कॉलेजची माहितीच तर मिळणार आहे. तात्याबा नव्या प्रिंटरकडं बघत होते आणि मी उगाच फडक्यानं काउंटर पुसत होते.

मंगळवारी त्या कॉलेजनं पालकांसाठी बस पाठवली. येताना मूळ कागद घेऊन या, असा निरोप होता. मलाही बोलावलं होतं. थंडगार हॉल, पुलाव, गुलाबजाम, पडद्यावर सिनेमासारखी चित्रं. हॉलच्या एका कोपऱ्यात ॲडमिशनचं टेबल आणि त्याला चिकटूनच बँकेच्या माणसाचं टेबल. तात्याबांनी पुलावाला हात लावला नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खाटीक आन् सावकार एकाच मांडवात बसल्यात."

भिंतीवर मोठा फ्लेक्स होता, नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो. साधनानंच आधी बघितलं आणि बापाला ओरडून म्हणाली, "बापू, आपला सुरजदादा!" खरंच सुरज होता. तात्याबांची लेक रुपाली केंदूरला दिली आहे, तिचा मुलगा. टाय घातलेला फोटो, खाली लिहिलेलं, पॅकेज साडेसहा लाख. तो ह्याच कॉलेजात शिकला हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला एवढी मोठी नोकरी लागलीय हे जालिंदरलाही नवीन होतं. बिचाऱ्याचा चेहरा फुलला. टेबलावरचा माणूस म्हणाला, आजच मूळ कागद जमा केले तर पन्नास हजारांची सूट. जालिंदरनं फाइल पुढं केली.

तात्याबांनी ती मधेच धरली आणि पिशवीत घातली.

"लेका, पुढची मेंढी बघून कळप घेतूयास व्हय?"

बसमध्ये परत येताना साधना खिडकीकडं तोंड करून रडत होती आणि मला वाटत होतं, हा म्हातारा पोरीचं वाटोळं करणार. स्वतःच्या नातवावरसुद्धा ज्याचा विश्वास नाही, त्याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी बुधवारी मला माहेरी जायचं होतं, आईला बघायला. माझं माहेर केंदूरच. सकाळी गाडीपाशी तात्याबा साधनाला घेऊन उभे. "आमाला बी न्या. पर रुपालीला फोन करू नगा." भीमा ओलांडून शिक्रापूरवरून आम्ही केंदूरला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बापाला अचानक दारात बघून रुपाली गोंधळली. सुरज आतल्या खोलीत झोपला होता.

"रातपाळी हुती," ती कौतुकानं म्हणाली. "इंजिनिअर लोकांना येळ-काळ नसतो, आबा. रांजणगावच्या कंपनीत लई मोठं काम हाय त्याच्याकडं."

तात्याबा आत गेले. सुरज पालथा झोपला होता. त्यांनी त्याच्या बनियनवरून पाठीच्या कण्यावर हात फिरवला, मेंढराच्या पाठीवर मांस आहे की नुसती हाडं ते बघतात तसा. पोरगा दचकून उठला. तात्याबांनी त्याचा हात धरून उलटा केला. नखांत काळं ग्रीस, मनगटावर भाजल्याचे डाग.

"मार्कलिस्ट दाव," ते म्हणाले.

"कशाला आबा?"

"साधनाला घालायचंय तिथं. तुझं कागद कसं दिसत्यात ते बघू दे."

रुपालीनंच उत्साहानं पेटी उघडून प्लॅस्टिकची फाइल काढली. तात्याबा फाइल घेऊन अंगणात उन्हात आले. एकेक कागद धरून बघितला.

"ही तर समदी झेरॉक्स हाय. मूळ कुठं हायेत?"

सुरज दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मग खाली बघून म्हणाला, "कॉलेजनं ठेवल्यात. शेवटच्या वर्साची फी भागली न्हाई. मार्कलिस्ट, दाखला, समदं त्यांच्याकडं हाय. फी भरा मग न्या म्हणत्यात. कुठं इंटरव्ह्यूला गेलं की मूळ कागद मागत्यात, मंग बसतोय ठेकेदाराकडं मशीनवर. त्यात बँकेचा हप्ता सुरू झालाय."

"आन् भित्तीवरचं साडेसहा लाख?"

"फोटू आयकार्डवरचा हाय. आकडा त्यांनीच लिवलाय."

रुपाली खाली बसली. गल्लीत तिनं पेढे वाटले होते, मला माझ्या आईनं नंतर सांगितलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंस रं."

सुरजचं अजून संपलं नव्हतं. तो साधनाकडं न बघता बोलला, "दोन ॲडमिशनी आणून दे, तुझं कागद सोडतो, असं म्हणालं हुतं. एक आणलं. दुसरं म्हणून साधनाचं नाव मीच दिलं. मामाचा नंबर बी मीच दिला."

मला वाटलं तात्याबा आता त्याच्या कानफटात देतील. पण त्यांनी फाइल नीट बंद करून लेकीच्या मांडीवर ठेवली. मेंढराच्या कानाला मालकाची खूण म्हणून कापा घेतात, मग ते कुठंही चरायला गेलं तरी त्याचंच राहतं. तेच ते म्हणाले, "कान कापून सोडलंय ह्याला. पळून जाणार कुठं?"

मी तुळशीपाशी उभी होते आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पोरानं स्वतःचे कागद सोडवायला एक नाव दिलं आणि त्याची मान वर होत नव्हती. मी प्रिंटरसाठी त्रेचाळीस दिली होती आणि वर तात्याबांवर डोळे वटारले होते. मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी खुटबावला परत आल्यावर साधना थेट दुकानात आली आणि म्हणाली, "काकी, कराडचं पक्कं करा." मी कॉम्प्युटरवर सीट स्वीकारली. मग दोघांना सांगितलं, "शुक्रवारी पाचच्या आत मूळ कागद घेऊन तिथं स्वतः जायला लागतंय. न्हाई गेलं तर सीट जाती." तात्याबा शेजारीच उभे होते. पण माझ्या तोंडचं ते निम्मंच धरतात. आजवर फॉर्म भरला, पर्याय टाकले, यादी बघितली, सगळं माझ्या टेबलावर झालं होतं. तेव्हा हेही इथंच होतंय, बाई उगाच भाड्याची गाडी लावून देतीय, असा त्यांनी अर्थ काढला. आणि फुकट कॉलेजाचा संशय तर अजून गेलाच नव्हता.

शुक्रवारी सकाळी सातला साधना धापा टाकत आली. आबा कालपासून घरात नाहीत, फोन बंद, आणि पेटीतली कागदांची फाइलही नाही. मागोमाग तानुबाई आली.

"कराडकडं मेंढरं बघाया जातो म्हणून गेल्यात," ती म्हणाली. "घरातली दहा राखाया माणूस न्हाई, आन् ह्यांना तिकडची बघायचीत."

साधनानं माझ्याकडं बघितलं. मेंढरं नव्हेत, कॉलेज बघायला गेले होते. माझा नवरा विक्रम नुकताच चहा पीत होता, त्याच्या हातातला कप तसाच ठेवायला लावून मी गाडी काढायला लावली. मोरगाव, नीरा, लोणंद. ऊसवाहतुकीनं उखडलेला रस्ता, त्यात वाटेत टायर पंक्चर, स्टेपनीही बसकी, दुरुस्तीतच तीन तास गेले. साधना दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. म्हातारा तिथं सापडला नाही तर? सकाळीच परतीच्या एसटीत बसला असेल तर कागद खुटबावात आणि पोरगी कराडात.

"आबा माझा फोन बी बघत्यात," ती एकदम म्हणाली. "वाचाया येत न्हाई, तरी वरखाली करून बघत्यात. दोन वरीस झालं. म्या काय केलंय काकी?"

मी विचारलं, कॉम्प्युटरचं अजून मनात आहे का? "हाय," ती म्हणाली. "पर सुरजदादासारखं व्हायचं न्हाई."

साडेतीनला आम्ही पोचलो. कॉलेजच्या फाटकासमोर लिंबाखाली तात्याबा बसलेले, पिशवी मांडीखाली दाबलेली. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं, लाज मुळीच नाही.

"काल सांजच्यापास्नं हितंच हाय. रातच्याला स्टँडवर निजलो," त्यांनी सांगितलं. "समद्यात मागनं कोण भाईर येतंय ते बघायचं व्हतं. दोन पोरी आल्या, एकीच्या चपलीचा अंगठा तुटल्याला. तिला इचारलं, बाय, तुझी मार्कलिस्ट कुणाकडं? म्हणली, घरी ट्रंकंत. म्हणलं, कर्ज किती? हसाया लागली."

"मग पटलं न्हवं?" साधनानं विचारलं.

"कुणी पढवून ठेवलं असंल तर?"

पोरीनं कपाळावर हात मारला. मी त्यांना उठवलं आणि चालता चालता, घाईतच, सांगून टाकलं. "आबा, तुमचा नंबर सुरजच्या आधी मी दिला होता. सगळ्यांचेच दिले."

"ठाव हाय. प्रिंटर बघितला तवाच कळलं."

"तरी माझ्याकडंच आलात?"

"दुसऱ्याकडं गेलो असतो तर त्याची खोड हुडकण्यात मुदत गेली असती. तुमची म्हायती व्हती." ते पुढं चालू लागले. मला त्यांनी माफ केलं की नाही हे आजपर्यंत मला कळलेलं नाही.

खिडकीपुढं रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा साडेचार झाले होते. आतला कारकून बिचारा घामाघूम झालेला, पण आवाज न चढवता काम करत होता. मार्कलिस्टा बघितल्या, शिक्का मारला, परत दिल्या. जातीचा दाखला बघितला, परत दिला. प्रत्येक कागद परत आला की तात्याबा तो पिशवीत ठेवत होते आणि मी मनात म्हणत होते, देवा, असंच पार पडू दे.

"शाळा सोडल्याचा दाखला मूळ जमा होतो," कारकून म्हणाला. "शिक्षण संपलं की इथून दुसरा मिळेल."

तात्याबांनी दाखला पिशवीत घातला आणि पिशवी छातीशी धरली.

"म्हंजी कवा?"

"चार वर्षांनी."

"न्हाई जमायचं," तात्याबा म्हणाले. "झेरॉक्स घ्या. धा घ्या."

मागची रांग कुरकुरायला लागली. कारकुनानं सांगितलं, आजोबा, सगळीकडं हाच नियम आहे, पावती देतो. मी समजावलं, हा एकच कागद असतो, फीसाठी कुणी अडवत नाही, फी सरकारच भरणार आहे. विक्रमनं समजावलं. तात्याबा ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. त्यांचे डोळे बघून मला कळलं की त्यांना खिडकी दिसतच नव्हती, चौकटीला टेकून उभा असलेला सुरज दिसत होता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. मीही त्यांच्या जागी असते तर दिला नसता. घड्याळात पाचला पंधरा मिनिटं होती.

साधना पुढं आली. ती पिशवी ओढून घेईल असं मला वाटलं. तिनं हातही लावला नाही.

"आबा," ती म्हणाली, "ह्या कागदाला रातभर उशाला घेऊन निजलासा. मी कुठं निजणार हाय चार वर्सं, ते बघितलंसा का?"

तात्याबांनी तिच्याकडं बघितलं. मग खिडकीपलीकडच्या इमारतीकडं, मैदानाकडं, लांब दिसणाऱ्या होस्टेलच्या पिवळ्या भिंतीकडं बघितलं. कालपासून फाटकावर बसून त्यांनी दुसऱ्यांच्या पोरी मोजल्या होत्या. आपली पोरगी ह्याच फाटकातून आत जाणार आणि ते बाहेर राहणार, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. छातीशी धरलेली पिशवी हळूहळू खाली आली. मी हा माणूस वीस वर्षं बघतेय, असा कधी बघितला नव्हता.

त्यांनी दाखला काढला आणि खिडकीतून आत दिला.

"घ्या सायेब," ते म्हणाले. "जितीजागती पोरगी तुमच्या दारात सोडणार हाय, आन् कागूद धरून बसलोय."

कारकुनानं दाखल्यावर शिक्का मारला, पावती फाडली आणि ती कुणाच्या हातात द्यायची ते न कळून दोघांकडं बघत राहिला. साधनानं ती घेतली.